एकाच रोलात बसवा

"नुसतं बटन तर दाबायचं असतं, त्याचे एवढे?"

जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ होता. हे वाक्य तिथं मी इतक्या तोंडांनी ऐकलं की पुढं पुढं गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधीच मला ते ऐकू यायचं. किराणा दुकानात हाच माणूस साखरेचा भाव विचारायचा आणि पुडा घेऊन निघायचा. डॉक्टरपुढं तर तो भावही विचारत नसे. पण फोटोवाला, शिंपी, बँडवाला, मंडपवाला यांच्यापाशी आला की त्याला बोलायला सुचायचं. आम्ही जे करतो ते तागडीत घालून दाखवता येत नाही, म्हणून त्यातलं थोडं काढून घेतलं तर आमचं काही कमी होत नाही, असं त्याला मनापासून वाटायचं. त्यात दुष्टपणा नव्हता. हे मी आज म्हणतो. तेव्हा म्हणत नव्हतो.

मला भाव टिकवता येत नसे. काही लोकांना ते जन्मतः येतं. माझ्या शेजारचा घड्याळजी हसत हसत म्हणायचा, "काका, जमत नसंल तर टाइम लोकांना विचारत जा," आणि काका हसून पूर्ण पैसे द्यायचे. मी असं काही बोलायला गेलो की माझा आवाज चिरका व्हायचा. मग मी हो म्हणायचो. हो म्हटल्यावर गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि मी दिवसभर आतल्या आत धुमसत राहायचो. धुमसणारा माणूस काम कसं करतो, ते सांगायला बसलोय. याआधी ते मी एकाच माणसाला सांगितलंय, आणि तेही फार उशिरा.

मी मूळचा बदनापूरचा. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला सकाळच्या पॅसेंजरनं जुन्या जालन्यात एका उस्तादांकडं काम शिकायला यायचो. फोटो काळे-पांढरे, डार्करूम जिन्याखाली. उस्तादांनी शिकवलेल्या दोन गोष्टी इथं सांगितल्या पाहिजेत. पहिली भावाची. "गिऱ्हाईक तोडणारच," ते म्हणायचे, "म्हून तू आधीच चढवून सांगायचं. त्यानं तोडलं की रडल्यावानी तोंड करायचं. दोघंबी खूश."

दुसरी गोष्ट लग्नातली. एका रोलात छत्तीस फोटो निघतात. लग्नात मात्र फोटोसाठी पुढं येणारी माणसं दीडशे असतात. व्याही, व्याह्याचा मेहुणा, मेहुण्याचा मित्र. कुणाला नाही म्हणायची सोय नसते. तर नाही म्हणायचंच नाही. फ्लॅशच्या पाठीमागं एक बारीक बटन असतं. ते दाबलं की कॅमेरा न चालता नुसता उजेड पडतो. कॅमेरा डोळ्याला लावायचा, "जरा इकडं बघा" म्हणायचं आणि ते बटन दाबायचं. धंद्यात त्याला खाली फ्लॅश म्हणायचे.

"माणसाला फोटो कमी लागतो, उजेड जास्त," उस्ताद म्हणायचे. "उजेड पडला की त्याचा मान झाला. फोटो आला न्हाई तर लग्नघरावर रुसंल. तुझ्यावर न्हाई."

मी हसलो होतो. आमच्या ओळखीतले सगळेच फोटोवाले हे करायचे. मीही कितीतरी मेहुण्यांवर उजेड पाडला आणि विसरून गेलो.

माझं स्वतःचं दुकान झालं तोवर रंगीत फोटो आले होते. रोल महाग, आणि धुवायला, छापायला औरंगाबादच्या लॅबमध्ये पाठवायचे. त्याच काळात एका उन्हाळ्यात, लग्नसराई जोरात असताना, धावड्याकडचा एक जण दुकानात आला. वय तिशीच्या आतबाहेर, अंगानं सडपातळ, शर्टाच्या खिशाला पेन. मिरची करायचा. वडील नव्हते. धाकट्या बहिणीचं लग्न होतं आणि सगळं त्यालाच बघायचं होतं.

"किती घेता लग्नाचे?"

मी दोन रोल धरून, अल्बम धरून आकडा सांगितला. अर्थात चढवून. त्यानं तो ऐकून घेतला आणि काउंटरवरचा नमुन्याचा अल्बम उघडला.

"ह्यात तर नवरदेव बूट घालून राह्यला."

"तो फोटो असतो."

"बूट घालताना कोण बघतं, भाऊ? तो नको आपल्याला. आता किती?"

मी हसलो. त्यानं पान उलटलं.

"हे जेवून राह्यले. तोंडात घास हाय बगा ह्याच्या. उद्या ह्याच्या लेकरानं बघितलं तर काय म्हणंल? हा बी नको. आता?"

असं करत करत त्यानं तो सगळा अल्बम माझ्या भावातून वजा केला. बँडवाले काढले. घोडा काढला. नवरीच्या मैत्रिणी काढल्या. दुकानात बसलेलं दुसरं एक गिऱ्हाईक मजा बघत होतं, त्यालाही त्यानं ओढलं. "तुम्ही सांगा मामा, करवलीचे चार फोटो लागत्यात का?" मामा म्हणाले, "एक बास." शेवटी तो म्हणाला, "एकाच रोलात बसवा."

"एका रोलात लग्न बसत न्हाई, पाव्हणे."

"बसतं. आम्ही काय लई मोठी माणसं हाव का? बसवलं की बसतं." मग जरा थांबून म्हणाला, "भाऊ, खरं सांगू का? मिरची घेऊन आडतीवर गेलो की रुमालाखाली बोटं दाबून माझ्या मालाचा भाव दुसरेच ठरवत्यात. मी आपला बाजूला हुबा. तुमच्यापाशी तरी मला बोलू द्या."

हे तो हसत म्हणाला, आणि मी विरघळलो. एका रोलालाही जेवढा कमी भाव मी कधी घेतला नव्हता, तेवढ्याला मी हो म्हणालो. जाताना पायरीवरून तो वळला. "पण सगळ्यांचे फोटो आले पाहिजेत हां."

"येतील," मी म्हणालो.

तो गेल्यावर मामा म्हणाले, "तुला लुटून गेला की रे तो." आणि त्या एका वाक्यानं माझ्या पोटात जे पेटलं ते लग्नाच्या दिवसापर्यंत विझलं नाही. एस्टीनं धावड्याला जाताना सगळ्या वाटेनं मी मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होतो. दुकानात सुचली नव्हती ती सगळी.

लग्न दुपारचं होतं. मंडपाचं कापड तापून वास सोडत होतं. नवरदेवाकडची माणसं फोटोला हपापलेली. सीमांतपूजनालाच दहा फोटो गेले. नवऱ्याचा थोरला भाऊ तर माझा दंड धरूनच हिंडत होता. "आमच्या काकांचा घ्या. आमच्या सरपंचांचा घ्या." मी मध्ये मध्ये खाली फ्लॅश मारून वाचवत होतो, तरी अक्षता पडेपर्यंत तीस संपले. मग कन्यादान, मग सप्तपदी. कन्यादानाला चुलता-चुलती बसले होते. नवरीची आई विधवा, त्यामुळं ती कुठल्याच विधीला पुढं नव्हती. मला ती दिसलीसुद्धा नव्हती. घरामागं आचाऱ्यापाशी भाताच्या, वरणाच्या पातेल्यांकडं बघत होती, एवढं नंतर कळलं.

शेवटी नवरीचा भाऊ मला आंदणापाशी घेऊन गेला. पलंग, गादी, हंडे-कळशा आणि एक हिरवं लोखंडी कपाट, दाराला आरसा असलेलं. कपाटावर त्याचा फार जीव होता. "ह्याचा बराबर घ्या भाऊ. आरसा दिसला पाहिजे." मी फोटो काढला. रोल पुढं सरकवायचा खटका ओढला तर ओढला जाईना. रोल संपला होता. मी तो गुंडाळून बाहेर काढला, खिशात टाकला आणि रिकामा कॅमेरा तसाच गळ्यात ठेवला.

पाठवणीची जीप येऊन उभी होती. तेवढ्यात नवरी मागं फिरली आणि मला म्हणाली, "भाऊ, माझा मायसंग एक काढा."

आई मागच्या दारातून आली. हात ओले, पदर खोचलेला. "मला कशाला? म्या ही अशी."

"मंग बदलून ये ना."

"जीप थांबलीय बाई."

"थांबू दे."

ती आत गेली. सगळे थांबले. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला, तर नवरीच्या भावानं त्याला हातानं दटावलं. पाच-सात मिनिटांनी आई बाहेर आली ती घडीचं लुगडं नेसून. केसांना पाणी लावून बसवलेले होते. कोणीतरी दोन खुर्च्या मांडल्या. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली, जशी काही ती दुसऱ्या कुणाची जागा होती.

"कसं बसू, दादा?"

"हात मांडीवर घ्या. पदर सारखा करा. इकडं बघा."

आणि मी मागचं बारीक बटन दाबलं. उजेड पडला.

आता जे लिहितो ते मला तोंडानं कधी नीट सांगता आलं नाही. मी कॅमेरा खाली घेतला आणि म्हणालो, "डोळे मिटले मावशी. आणखी एक घेऊ."

"चुकलं माझं," ती म्हणाली. आणि तिनं डोळे असे ताणून धरले की पाणी आलं तरी मी "झालं" म्हणेपर्यंत पापणी हलवली नाही.

दुसऱ्यांदाही नुसता उजेड.

माझ्या बॅगेत त्या वेळी कोरा रोल होता. दुसऱ्या दिवशी बदनापूरच्या लग्नाला लागणारा. तो घालायला मिनिट पुरलं असतं, आणि त्यातला एक फोटो इथं गेला असता तरी बदनापूरला पस्तीस उरलेच असते. कुणाला कळलंही नसतं. मला माझ्या खिशाचं नुकसान वाचवायचं नव्हतं. मला फक्त वाटत होतं, तोडले ना पैसे, मग घ्या. त्या बाईनं माझा एक पैसा तोडला नव्हता. तिला भावाचं काही ठाऊकही नव्हतं. पण पेटलेलं कुठंतरी टाकायचं होतं, आणि ती समोर बसली होती. दुसऱ्यांदा बटन दाबताना मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून तसंच आठवतं.

पंधरा दिवसांनी तो अल्बम न्यायला आला. काउंटरवर उभ्या उभ्या सगळा चाळला. कपाटाच्या फोटोवर खूश झाला.

"मायचा कुठंय?"

"तो जळाला."

"दोन काढले म्हणत होती माय."

"दोन्ही जळाले. लाइट लागली."

त्यानं जरा विचार केला. "मंग तेवढे कमी करा."

मी केले. कधीच न काढलेल्या दोन फोटोंचे पैसे मी त्याला कमी करून दिले, आणि आता आमची फिटंफाट झाली असं स्वतःला सांगून दुसऱ्या कामाला लागलो.

चार-पाच वर्षं गेली. एके दिवशी सकाळी दुकानात एक बाई आली. मी ओळखलं नाही. तिनं अल्बम पिशवीतून काढला तेव्हा ओळखलं. लग्नातली नवरी. सासरहून एकटीच एस्टीनं आली होती.

"माय गेली," ती म्हणाली. "महिना झाला."

मी बसा म्हणालो. ती बसली नाही.

"तिचा एक पण फोटो न्हाई आमच्यापाशी. रेशनकार्डावर नुसतं नाव. तेराव्याच्या दिवसाला पाटावर काय ठेवावं तर नुसता तांब्या ठेवला." मग तिनं मुद्द्याचं सांगितलं. "तुम्ही काढल्ते ते जळाले म्हणत्यात. जळालेलेच द्या. औरंगाबादला लॅबवाले काय काय करत्यात म्हणं. नाक-डोळे दिसले तरी बास झालं."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. दुकानात कुणी नव्हतं. त्याऐवजी मी कपाटातून तिच्या लग्नाच्या निगेटिव्हच्या पट्ट्या शोधून काढल्या आणि सगळ्याच तिच्या हातात दिल्या. आम्ही निगेटिव्ह कुणाला देत नसू. तिला काही तरी दिल्यासारखं व्हावं, एवढंच माझ्या मनात होतं. तिनं पाकीट उघडलं.

"किती द्यायचे? कमी करा म्हणणार न्हाई मी."

"काही नको."

"असं कसं?"

"काही नको, ताई."

ती उन्हातून स्टँडकडं जाताना मी बघत होतो. मला ठाऊक होतं की ती औरंगाबादला जाणार आणि तिथं काही सापडणार नाही. तरी मी हाक मारली नाही.

आठ दिवसांनी ती परत आली. दुपारची वेळ. पट्ट्या तिनं काउंटरवर ओळीनं मांडल्या.

"त्या माणसानं काचेवर ठेवून दाखवलं मला. चांगला माणूस होता. पट्टीवर नंबर असत्यात म्हणला, एकापासून छत्तीस. सगळे हायेत. मधी एक बी जळालेला न्हाई." तिनं शेवटच्या पट्टीवर बोट ठेवलं. "छत्तिसावा कपाटाचा हाय. मायचा तुम्ही कपाटानंतर काढला. मी होते तिथं."

मी तिच्या बोटाखालचा छत्तीसचा आकडा बघत राहिलो.

"रोल संपल्ता ना?"

"हो."

"मंग उजेड?"

"नुसता उजेड."

 रागावली असती तर बरं झालं असतं. "ती लुगडं बदलून आल्ती," ती म्हणाली. "नंतर कितीदा मला विचारायची, तो दुसरा तरी चांगला आला असंल का. म्हणायची, दुसऱ्याला म्या डोळे मिटले न्हाई."

पंखा फिरत होता. पट्ट्या हलत होत्या. तिनं त्यांच्यावर हात ठेवला.

"आमच्या अण्णानं पैसे तोडले म्हून ना? एकच रोल म्हून?"

हे तिनं स्वतःच विचारलं. मी सुचवलं नव्हतं. मला फक्त नाही म्हणायचं होतं. बॅगेत दुसरा होता, एवढं एक वाक्य.

"एकच रोल ठरला होता," मी म्हणालो.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिनं पट्ट्या गोळा केल्या, पिशवीत घातल्या आणि गेली.

त्या वर्षी ती पंचमीला माहेरी गेली नाही. दिवाळीलाही नाही. हे मला तिच्या भावाकडून कळलं. दिवाळी होऊन गेल्यावर तो दुकानात आला. मला वाटलं, आता हा भांडणार, आणि मी मनातून तयार झालो. बरंही वाटलं. पण तो बाकावर टेकला आणि हळू आवाजात बोलायला लागला.

"भाऊबीजेला गेल्तो तिच्याकडं. ओवाळलं न्हाई तिनं. म्हणाली, चार पैशापायी मायचं तोंड घालवलं तू." त्यानं माझ्याकडं बघितलं. "खरंच रोल संपल्ता?"

"संपला होता."

"हां. मीच म्हनलो होतो, एकाच रोलात बसवा. बराबर हाय." उठताना तो म्हणाला, "तुमचा काय दोष त्यात?"

मी त्याला पाणी विचारलं. तो नको म्हणाला.

त्यानंतर ते बारीक बटन मला दाबवेना. लग्नात रोल संपला की संपला म्हणून सांगायला लागलो. लोक चिडायचे. एका व्याह्यानं तर चारचौघांत माझी कॉलर धरली. एखादा जास्तीचा रोल मी पदरमोड करून जवळ ठेवायचो, पण त्यानं काही भरून आलं नाही. तो रोल घातला की मला धावड्याचीच आठवण यायची. पुढं रोल गेले, कार्डाचे कॅमेरे आले. त्यात शेकड्यांनी फोटो निघतात. मग गिऱ्हाईक म्हणायला लागलं, "आता तर रोल बी लागत न्हाई, मंग पैसे कशाचे?" आणि मी पुन्हा हो म्हणायचो.

तशातच एके दिवशी तो पुन्हा आला. केस पिकलेले, चष्मा लागलेला. मुलीचं लग्न होतं.

"दुसरीकडं जाणार होतो," तो म्हणाला. "मंग म्हनलं, न्हाई, तुमच्याकडंच."

मी कमीत कमी जेवढा सांगता येईल तेवढा आकडा सांगितला. खर्चही निघाला नसता.

"हे कमी हाय."

"तुमच्यासाठी तेवढाच."

"न्हाई, न्हाई. बराबर सांगा. गावात दुसऱ्याच्या लग्नाचे किती घेतले मला ठाऊक हाय."

पासपोर्ट फोटोसाठी बसलेला एक पोरगेला मास्तर हसायला लागला. "काका, तुम्ही भाव वाढवून मागून राह्यले का?"

"हो," तो म्हणाला. "मला तोडता येत न्हाई आता. बायको म्हणती, भाजीवाली बी तुम्हाला ओळखून हाय." तो हसला, मास्तर हसला. मी वाढवून सांगत गेलो आणि तो "अजून" म्हणत गेला. शेवटी दुसरे देतात त्याच्यापेक्षा जास्त आकड्यावर आला तेव्हा त्याचं समाधान झालं. मास्तर बसलेला होता, म्हणून मी काही बोललो नाही. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तो आता नाही. गेल्या वर्षी गेला. म्हणून हे लिहायला धीर झाला. त्याची बहीण आहे. तिनं हे वाचावं की तिच्यापर्यंत जाऊच नये, ते मला ठरवता येत नाही, आणि ठरवायचा हक्क माझा आहे असंही वाटत नाही. नावं लिहिली नाहीत ती त्यासाठी.

त्याच्या मुलीच्या लग्नाला मी सकाळी लवकर गेलो. मंडपात अजून खुर्च्या लागत होत्या. तो मला थेट घरामागं घेऊन गेला. तिथं बायका कांदे चिरत होत्या, पिठाचे गोळे करत होत्या.

"आधी ह्यांचे घ्या," तो म्हणाला. "एकेकीचा. नवरदेव राहू द्या."

बायकांनी ओरडा केला. आम्ही अशा, आमचे अवतार बगा. तो कुणाला सोडेना. "अशाच बसा. लुगडं बदलू नका, काही नका." मी एकेकीचा फोटो काढला आणि प्रत्येकीला लगेच पडद्यावर दाखवला. त्याची बहीण त्यांच्यात होती. ती आली होती, हे बघून मला हायसं वाटलं. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, जुन्या ओळखीला हलवतात तशी.

पंगती उठल्यावर मंडप रिकामा झाला. तो सतरंज्या गुंडाळत होता. मी त्याच्यापाशी गेलो आणि कॅमेरा बॅगेत ठेवता ठेवता म्हणालो, "पाव्हणे, त्या दिवशी माझ्या बॅगेत दुसरा रोल होता."

कुठल्या दिवशी, असं त्यानं विचारलं नाही. सतरंजीचं टोक हातात धरून तो तसाच वाकलेला राहिला.

"कोरा?"

"कोरा. दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचा."

"मंग घालायचा ना."

"मला राग आल्ता. तुम्ही भाव तोडला त्याचा."

तो गुंडाळलेल्या सतरंजीवर बसला. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायला लागला. फार वेळ पुसला. "तवा मागितले असते तर दिले असते मी," तो म्हणाला. "एका फोटोचे असे किती होत होते?" मग चष्मा डोळ्याला लावला. "न्हाई. खोटं कशाला बोलू? नसते दिले. त्या दिवशी म्हनलो असतो, ठरलं ते ठरलं."

"मागायचेच नव्हते. मी नुसता घालायचा होता."

"हां," तो म्हणाला. "ते बी हाय."

मी थांबलो. त्यानं शिवी द्यावी, निघा म्हणावं, काहीही. तो मंडपाच्या खांबाकडं बघत बसला होता. तेवढ्यात घराच्या दारातून त्याची बहीण ताट घेऊन येताना दिसली, तसा तो हळूच म्हणाला, "हिला सांगू नका."

"तिला कळायला पाहिजे. इतकी वर्षं तुमच्यावर..."

"काय कळायला पाहिजे? किती वर्षं आली न्हाई ती. आत्ता कुठं यायला लागली, लई मुश्किलीनं. तुम्ही आज सांगितलं तर ती पुन्हा पहिल्यापासनं धरंल. मायनं लुगडं बदललं तिथपासनं. तिला नका पाठवू तिथं परत." तो उठला. "माझ्या नावावर हाय, तर असू द्या."

ती येऊन पोचली. ताट माझ्यापुढं धरलं.

"फोटोवाल्याला कुणी जेवा म्हणलं का? न्हाईच म्हणलं असंल. हे घ्या." मग दोघांकडं बघून म्हणाली, "काय चाललंय? पैशाचं बोलून राह्यले का?"

"पैशाचंच," तो म्हणाला, आणि सतरंजी खांद्यावर टाकून मंडपाच्या दुसऱ्या टोकाला गेला.

"त्याच्याकडून जास्ती घेतले न्हाई ना, भाऊ?" ती हळू आवाजात म्हणाली. "आमच्या अण्णाला आता बोलताच येत न्हाई कुणाशी. सांगतील तेवढे देऊन येतो. तुम्ही तरी बराबर घ्या."

"बराबर घेतले," मी म्हणालो.

ती जाईल म्हणून मी ताटाकडं बघत राहिलो. ती गेली नाही. वरणाची वाटी रिकामी झाली की आणायला बरं, म्हणून तिथंच उभी राहिली, आणि मी खाली मान घालून जेवायला लागलो.